बापाच्या नावासकट

सार्जंटच्या आवाजाला भोंगा म्हटलं तर भोंग्याने अब्रूनुकसानीचा दावा लावावा. त्याने दुबईत, देऱ्यातल्या आमच्या इमारतीच्या गेटवरून हाक मारली की धक्क्यावरची गलबतं माल चढवायची थांबत आणि खाडीपलीकडे बर दुबईत चार-दोन माणसं उगाच "आलो, आलो" म्हणत. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते विचारू नका.

तो आमचा वॉचमन. पश्चिम आफ्रिकेतल्या, यादवीत भाजून निघालेल्या एका देशाच्या सैन्यातून आलेला. छातीवरच्या बिल्ल्यावर नुसतं 'सॅम्युअल'. उंची अशी की पहिल्या मजल्यावरच्या बायका त्याला खिडकीतून चहा देत. हिंदी त्याने देऱ्यातच उचलली, त्यामुळे तिच्यात पाव हिस्सा मल्याळम होतं.

नव्या बिऱ्हाडाला तो तीनच गोष्टी विचारी: नाम, बाप का नाम, गाव. मग जन्मभर तीच हाक. मला म्हणे, "सुरेश बाबुराव पाटील, वडगाव, पार्सल आया." आम्हा मराठी लोकांवर त्याची खास मर्जी होती. "तुम लोग बाप को नाम के अंदर रख के घूमता है. अच्छा है." माझी मुलगी सई शाळेच्या बसमधून उतरली की गल्लीभर तिचं खानदान घुमायचं.

"बाबा, आय हॅव नेव्हर लिव्ह्ड इन वडगाव. टेल हिम."

मी सांगितलं. तो म्हणाला, "गाव में रहना जरूरी नहीं. गाव होना मंगता."

त्याचं स्वतःचं गाव विचारलं की मात्र तो उठून गेटची कडी तपासायला जायचा.

आणखी एक खोड. कुणाचंही दार वाजवण्याआधी तो टोपी काढी आणि दार उघडलं की आधी फरशीवर बसे. पाण्याचं बिल कुठे भरायचं एवढंच सांगायचं असलं तरी बसे. "वर्दी खडा होके पूछेगा तो आदमी झूठ बोलेगा."

करोना आला आणि इमारतीत ताप लपवायची चढाओढ लागली. पांढऱ्या सूटमधली माणसं गाडी घेऊन येतात, नेतात, पुढचं कुणाला कळत नाही, अशी बोलवा. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आठ जणांनी रफीक टेलरला कपाटामागे निजवून ठेवला होता. सार्जंट गेला, टोपी काढून बसला. बराच वेळ बसला. मग रफीक त्याच्या मागोमाग जिना उतरला. गाडीत पाय ठेवताना सार्जंटने हाक दिली, "रफीक, अब्दुल करीम का बेटा, सिवान." रफीकने वळून हात वर केला. अख्ख्या गल्लीने पाहिलं, कोण गेला ते.

त्या संध्याकाळी मी पायरीवर त्याच्यापासून चार हात दूर बसलो. म्हटलं, "ये आवाज देने का क्या है, सार्जंट?"

"लढाई में हम ट्रक लेके गाव में जाता था. आदमी उठाता था. वो वापस नहीं आया. फिर लढाई खलास. फिर बीमारी आया. सरकार बोला, बीमार को उठाओ. वही ट्रक, वही वर्दी, वही मैं." लोक आजाऱ्यांना धान्याच्या माळ्यावर लपवत. एका गावाने दगड मारले, त्याच्या तुकडीने गोळ्या झाडल्या. त्यानंतर एक म्हातारी तापाने फणफणलेल्या मुलाला स्वतः घेऊन आली आणि ट्रकचं फळकूट धरून म्हणाली, "नाव विचार. मागच्या वेळी माझा मोठा नेलास, तेव्हा नाव विचारलं नव्हतंस." त्याने विचारलं, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. मुलाने हात वर केला.

या गोष्टीत मी पदरचं काही घातलेलं नाही. जागाच नव्हती.

"और तुम्हारा गाव?"

"जला दिया. बाप अंदर था."

"किसने?"

"वर्दी ने." त्याने टोपी घातली आणि कडी तपासायला गेला.

रफीक परत आला. त्यानंतर लोक आपण होऊन सार्जंटला ताप सांगू लागले, आणि सांगणाऱ्यांच्या शेजारी तो बसत राहिला. मग त्यालाच ताप आला.

गाडी आली तेव्हा प्रत्येक खिडकीत माणूस होता. सार्जंट टोपी काखेत धरून चालत गेला, गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि थांबला. सूटवाले "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होते. तो हलेना. हाका मारणाराच निघाला होता. त्याला हाक मारायची कुणी? बापाचं नाव कुणाला ठाऊक नाही, गाव जळालेलं.

सईने माझी बाही ओढली. "बाबा, यू मेक थिंग्ज अप ऑल द टाइम. मेक समथिंग अप."

मी गॅलरीतून ओरडलो, "सॅम्युअल बाबुराव पाटील, मुक्काम पोस्ट वडगाव, जिल्हा सातारा." आवाज मधेच फाटला. खाडी सोडा, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही पोचला नसेल.

तो लगेच वळला नाही. मग वळला, आणि हात पूर्ण वर केला.

पुढे इस्पितळातून फोन आला. मल्याळी नर्स होती. सॅम्युअलचे भाऊ तुम्हीच का, म्हणाली. मी हो म्हणालो. मग तिने जे सांगायचं ते सांगितलं, आणि फोन ठेवता ठेवता थांबली. शेवटी त्याला आवाज उरला नव्हता, म्हणाली, तरी जो कुणी पलंगाजवळ येई त्याला खूण करून जवळ बोलवायचा आणि कानात सांगायचा, माझं गाव वडगाव. आफ्रिकेत कुठे आलं हे?

"सातारा जिल्ह्यात," मी म्हणालो.