चंदामावशींचं अर्धं डोकं

रेवदंड्याच्या बंदरावर चंदामावशी मासळीचा लिलाव पुकारू लागल्या की खाडीतल्या होड्यांनाही भाव कळायचा. शाळेतल्या नोकरीमुळे मी काही वर्षं त्यांच्या शेजारी राहिले. ही बाई अधूनमधून एकदम कुजबुजायला लागायची. "गो मास्तरीण, तुजा मिक्सर बंद कर. माजं आर्धं डोकं गेलं."

मग त्या डोक्याला ओला पंचा बांधून आडव्या व्हायच्या. "डाव्या डोल्याच्या मागं कोनतरी बोटीचं इंजिन चालू करतं, आन् बंद करायला इसरतं," असं म्हणायच्या. गल्लीतल्या बायका उशाशी जमायच्या आणि सुंठीचा लेप लावावा की दृष्ट काढावी यावर मोठमोठ्याने भांडायच्या. कुणीतरी दाढेवर संशय घेतला म्हणून मावशींनी दाढही उपटून घेतली. "दाढ गेली, डोकं हाय तिथंच हाय!"

शेवटी मीच त्यांना अलिबागला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ही अर्धशिशी. उपाशी राहणं, ऊन, जागरण, उग्र वास यांनी ती उठते. गोळी डोकं धरायला लागताच घ्यायची, पण ऊठसूट नाही. रोज गोळ्या घेतल्या तर त्यांनीच डोकं दुखायला लागतं. मावशी तर शेंगदाण्यासारख्या गोळ्या खात होत्या.

"म्हंजे जी मदतीला येते, तीच डोकं उठवते? माज्या दिरासारखीच हाय की!"

त्यानंतर त्या भाकरी खाऊन आणि काळा गॉगल लावून बंदरावर जाऊ लागल्या. इंजिन पूर्ण थांबलं नाही, पण पुष्कळ कमी वेळा सुरू होऊ लागलं.

मग लेकीला, रूपालीला, उरणचं स्थळ आलं. मावशींनी मला बजावलं, "डोक्याचं नाव काढू नको. रूपालीचंपन कवाकवा दुखतं. आसल्या घरातली पोर कोन नेनार?"

पाहुणे आले त्या दिवशी नेमकं मावशींचं डोकं उठलं. धावपळीत सकाळपासून पोटात काही नव्हतं, गोळी घ्यायचीही राहिली. त्यात नवऱ्या मुलाने अंगावर सेंटची अख्खी बाटली ओतलेली. मावशी घरातही गॉगल लावून बसल्या. मुलाच्या वडिलांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "डोले आलेत." झालं! सगळ्या पाहुण्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या.

मुलाची आई मात्र हलली नाही. बाई एका जागी ताठ बसून होती. पोह्यांची बशी तिने तशीच हातात धरलेली. मला वाटलं, हिला मुलगी पसंत नाही.

बोलणी चालू असताना मावशी अचानक उठल्या, मोरीत जाऊन ओकून आल्या आणि गॉगल काढून दारातच उभ्या राहिल्या. "डोलेबिले न्हाय आलेत. मला अर्धशिशी हाय. पोरीलापन कवाकवा होते. पटत आसंल तर बघा, न्हायतर चा पिऊन जावा."

रूपालीने मान खाली घातली. मुलाच्या आईने डोळे मिटून घेतले.

"विहीणबाई," ती हळूच म्हणाली, "जरा बारीक बोला. माजंपन सकालपासून तेच चाललंय. गाडीत दोनदा ओकले."

मग आतल्या खोलीत काळोख करून दोघी शेजारीशेजारी आडव्या झाल्या. कपाळांवर ओले पंचे मी ठेवले. बाहेर पुरुषमंडळी कपाला बशीही लागू न देता चहा पीत होती. लग्नाची सगळी बोलणी त्या दोघींनी झोपल्या झोपल्या, कुजबुजत उरकली. हळदीला डीजे नाही, हे सगळ्यात आधी ठरलं.

माझी बदली झाली तेव्हा मी मावशींचा निरोप घ्यायला गेले. त्या नुकत्याच रूपालीकडून आल्या होत्या. सांगत होत्या, "परवा पोरीचं डोकं उठलं. सासूनं एक शब्द इचारला न्हाय. खिडकी लावली, टीव्ही बंद केला, भांडी सोताच घासली. आन् दार हळूच वडून घेतलं."

मग त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मास्तरीण, माज्यासाठी गो कोनी कदी दार हळू लावलं न्हाय."