सईचा प्रोजेक्ट आणि अस्वलाचा खड्डा

शहराचं नाव विचारू नका. तिथल्या गिफ्ट शॉपमध्ये मी रबरी साप टेडी बेअरच्या गळ्यात घालून आलोय. आम्ही राहतो त्या शॉमबर्गहून गाडीने तीन तास, एवढंच सांगतो.

निघायला कारणं दोन. माझी बहीण सई नऊ वर्षांची आहे, तिला शाळेचा प्रोजेक्ट होता: एखादं जुनं झू कसं सुरू झालं. आणि मला तिला एक गोष्ट सांगायची होती. पुढच्या महिन्यात मी एकवीसचा होतोय, मग बाबांच्या व्हिसावर इथे राहता येत नाही. ग्रीन कार्डची लाइन हलत नाही. स्टुडंट व्हिसाचा रस्ता होता, पण माझे मार्क बघून तोही पळाला. आता नागपूरला काकांकडे. तिथून निघालो तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, काहीही आठवत नाही. सई इथेच जन्मली, तिचा प्रश्न नाही.

"तूच सांग तिला," आई म्हणाली. "माझ्याच्याने नाही व्हायचं."

शनिवारी सातला निघालो. टोल आहेत, आणि नंतर नुसती रिकामी शेतं. पराठे घरून न्या, झूमध्ये गार फ्राइज सोडून काही मिळत नाही. रेस्ट एरियात वारा असा की आमचा फॉइल पार हायवेपर्यंत गेला. सांगायचं तिथेच ठरवलं होतं. त्याऐवजी बोललो, "सई, इथल्या गाई मराठीत हंबरतात."

"लायर," ती म्हणाली. पण पुढच्या गोठ्यापाशी काच खाली करून ऐकलं तिने.

झूला तिकीट नाही. नवीन काचेच्या इमारती सोडा, सरळ मागे नदीकडे जा. तिथे दगडाने बांधलेला गोल खड्डा आहे. झू इथूनच सुरू झालं. हिरव्या जॅकेटमधल्या एक आजी माहिती सांगायला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, कुठल्यातरी सर्कसवाल्याने अस्वलाचं पिल्लू मागे सोडलं, तर गावाने त्याच्यासाठी खड्डा खणला. मग लोक आपल्याला नकोशी झालेली हरणं, माकडं आणून द्यायला लागले. पिल्लू खड्ड्यातच मोठं झालं. लोक वरून पाव टाकायचे, ते दोन पायांवर उभं राहून झेलायचं. पुढे पैसे आले, तेव्हा त्याला जंगलात सोडलं. सगळ्यांना फार बरं वाटलं, अस्वल घरी गेलं म्हणून.

"मग काय झालं त्याचं?" सईने विचारलं.

"कोणी बघायलाच गेलं नाही, बाळ."

मी कठड्याला टेकलो. खाली वाळलेली पानं, एक कप. मला एकदम वाटलं, ते अस्वल जंगलात झाडाखाली दोन पायांवर उभं आहे, पाव कधी येतो बघत.

"सई, मी पण जातोय. नागपूरला. कायमचा."

"दादा, प्लीज. तू लास्ट इयर बोललास मी सेलमध्ये मिळाले."

"खरंच जातोय गं."

"ओके, बाय!" ती हसत सुटली. तिला बघून आजीही हसल्या. मग मीही हसलो, दुसरं काय करणार.

परतीच्या रस्त्यात ती वही मांडीवर घेऊन बसली. "दादा, एंडिंग पाहिजे. बेअरचं काय झालं?"

"दोन दिवसांत त्याला सगळं जमलं. मित्रपण झाले."

तिने लिहून घेतलं.

घरी पोचलो तर हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा उघड्या, मध्ये वजनकाटा. आई माझे स्वेटर काढत होती. नागपूरला कशाला स्वेटर, म्हणत होती स्वतःशीच. बाबा बॅग कवटाळून काट्यावर उभे होते, विमानात तेवीस किलोच्या वर चालत नाही म्हणून. सई दारातच थांबली. तिने बॅगांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी एकही जोक केला नाही. त्यावरूनच कळलं तिला.

जायचं असेल तर जा, खड्डा बघण्यासारखा आहे. मला तिथलं दुसरं काही नीट आठवत नाही.

सकाळी प्रोजेक्ट टेबलावर होता. शेवटची ओळ खोडरबराने इतकी घासली होती की कागद फाटला होता. त्या जागी तिने दुसरं काही लिहिलं नव्हतं.