मिनिटाला एकशे बारा

घरात दादाला मान होता, म्हणजे तसं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. घरामागच्या दोन खोल्यांत दोघा भावांचा स्टुडिओ होता. एका खोलीत दादा संगणकातल्या आपल्या जुन्या प्रोग्रॅमवर वाद्यं रेकॉर्ड करायचा, पलीकडे धाकटा नव्या प्रोग्रॅमवर ताल रचायचा. एकमेकांचा प्रोग्रॅम वापरण्यापेक्षा दोघांनी संन्यास घेतला असता.

पूर्वी दादा दारातून "एक, दोन, तीन!" असं ओरडायचा आणि दोघे एकदम बटण दाबायचे. एकदम म्हणजे आपापल्या सोयीने. मग धाकट्याने दोन्ही प्रोग्रॅम घरच्या वायफायवरून जोडले. आता एकाने गती बदलली की दुसऱ्याचीही आपोआप बदलायची.

"यात मुख्य कोण?" दादाचा पहिला प्रश्न.

"कोणीच नाही. जोडलेले सगळे सारखे."

असली व्यवस्था दादाच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. त्याने फोनवर ठोके ठरवणारं एक ॲप घेतलं, गुपचूप त्याच जोडणीत घुसवलं आणि फोन खिशात ठेवला. पहिल्या दिवशी धाकट्याने मिनिटाला एकशे बारा ठोके लावले. गती अगदी दादाच्या मनासारखी होती. तरीही त्याने खिशातल्या खिशात आठ कमी केले. थोरलेपण कुठेतरी दिसायला नको? पुढे धाकटा एकशे वीस लावू लागला. पोरगं हाताबाहेर चाललंय, असं पुटपुटत दादा तीन वर्षं इमानेइतबारे आठ कमी करत राहिला.

गेल्या आठवड्यात धाकटा म्हणाला, "दुसऱ्या स्टुडिओने बोलावलंय. शनिवारी कळवायचंय."

"जा की! कोणी अडवलंय?" दादा म्हणाला. पण पलीकडच्या खोलीतली खुडबूड बंद होणार, या विचाराने त्याला जेवण जाईना. शेवटी त्याने ठरवलं, आता ढवळाढवळ बंद. स्वतःच्या या मोठेपणाने तो इतका भारावला, की आरशासमोर दोन मिनिटं जास्तच उभा राहिला.

शनिवारी सकाळी नृत्यशाळेच्या बाई दोन मुलींना घेऊन नव्या नाचाचं संगीत ऐकायला आल्या. आधी पाठवलेल्या कच्च्या तुकड्यावर मुलींचा महिनाभर सराव झाला होता. दादाने फोन मुद्दाम घरात ठेवला. संगीत सुरू झालं, आणि दुसऱ्याच गिरकीला एक मुलगी माइकच्या स्टँडवर जाऊन आदळली.

"अहो, हा नाच आहे की पळापळ?" बाई कडाडल्या.

धाकटा आपल्या खोलीतून तरातरा बाहेर आला. "दादा, आज कमी का नाही केलेस?"

"काय कमी?" दादाचा चेहरा पांढराफटक पडला.

"आठ! रोज करतोस ते! अरे, स्क्रीनवर आकडा बदललेला मला दिसतो. 'जोडलेले तीन' असंही दिसतं. आणि आपण आहोत दोघं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कुठे बोललास? तू आठ कमी करणार म्हणून मी आठ वाढवून ठेवतो. मला एकशे बाराच हवे असतात."

"मलाही," दादा बोलून गेला.

बाईंनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मुलींना पाणी प्यायला पाठवलं.

धाकटा स्टुलावर बसला. "तुला माझं काहीच पसंत नाही, असं धरून चाललो होतो मी. म्हणूनच तिकडे आज हो म्हणणार होतो."

अशा प्रसंगासाठी दादाचं भाषण तयार होतं. त्यात कर्तव्य होतं, संस्कार होते, थोरल्याचा त्याग तर दोनदा होता. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

"जाऊ नकोस रे," तो म्हणाला. "मला करमणार नाही."

धाकट्याने खिशातून मोबाइल काढला. मग तिथूनच दुसऱ्या स्टुडिओला फोन लावला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. तोवर दादा भिंतीकडे तोंड करून, मुळीच सैल नसलेली एक वायर घट्ट करत होता, कारण त्याचे डोळे भरून आले होते आणि बाईंसमोर ते दाखवायची सोय नव्हती.