ओळीतली एक शेंग

पुरात वाहून गेलेला पूल पुन्हा उभा राहिला. सुरतेची गाडी परत सुरू होणार म्हणून नंदुरबार स्टेशनात आनंद होता. गाडी कुठे कुठे थांबवायची ते ठरवायचं काम आमच्या कचेरीतल्या एका कारकुनाकडे आलं. माणूस मोठा गोड. समोर असेल ते पाहुण्यापुढे केल्याशिवाय बोलायचा नाही. विचार करताना टेबलावर भाजक्या शेंगा ओळीने मांडायचा. एक शेंग म्हणजे एक स्टेशन. "समदीकडे थांबनी ते गाडी म्हातारी व्हई जाई, भाऊ," म्हणून हसायचा.

एक थांबा कमी करायचा होता, कुठला ते त्याला सुचत नव्हतं. तेवढ्यात खांडबाऱ्याकडच्या एका खेड्यातले म्हातारे आबा आले.

"आमना गावले गाडी थांबाडा, भाऊ."

"आधी शेंगा ल्या, आबा."

दिलेलं नाकारू नये म्हणून आबांनी ओळीतली एक उचलली, सोलली, खाल्ली. ती नेमकी त्यांच्याच गावची. मला हसू आलं. कारकुनाने मात्र उरलेल्या शेंगा सरकवून फट बुजवली. आबा गेल्यावर म्हणाला, "त्यास्नीच खाई टाकी, मी काय करू?"

मला ती थट्टाच वाटली.

पहिल्या गाडीत मी आणि कारकून शेजारी बसलो होतो. ते गाव आलं. फलाटावर आबा हातात नारळ घेऊन उभे, मागे सगळं गाव. गाडीने शिटी दिली आणि ती न थांबता पुढे निघून गेली.

त्याने खिशातून मूठभर शेंगा काढून माझ्यापुढे धरल्या. "ल्या ना, भाऊ."

आणि सवयीने पुढे झालेला माझाच हात पाहून मला धसका बसला.