भर दुपारी

सुभद्राताई गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही पांढरकवड्याच्या बाजारात. कापूस घेऊन आलेला आमच्या गावचा किसन बंडीवाला बैल सोडता सोडता म्हणाला, "ताई गेल्या. तुमाले सांगावा नाई आला का? पायटी अंधारातच नेलं त्याईले... नाल्याच्या वाटेनं." रडू मागाहून आलं. आधी आला तो संताप. महिना होऊन गेला तरी तो उतरलेला नाही, आणि हे त्या संतापातच लिहिते आहे. अंधारात आणि मागच्या वाटेनं. या दोनच गोष्टींना ताई अर्धं आयुष्य नाही म्हणत आली होती.

ताई माझी मावसबहीण. माझी आई लवकर गेली, म्हणून मी मारेगावकडच्या त्या गावात, मावशीच्याच घरी वाढले. ताई पंचविशीच्या आत विधवा झाली. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला बंडीत बसवून माहेरी आणून सोडलं आणि पाणीही न पिता ते परत गेले. मग घरात माधवदादाचं, तिच्या थोरल्या भावाचं राज्य सुरू झालं. सकाळी कामाला निघालेल्या माणसाला विधवेचं तोंड दिसू नये, म्हणून ताईनं पाण्याला जायचं ते सगळ्या बाया भरून गेल्यावर, उन्हाच्या वेळी. तेही मोठ्या गल्लीतून नाही, घरामागच्या नाल्याच्या वाटेनं. वैशाखात पायाला पळसाची पानं बांधून, डोक्यावर पितळेची घागर घेऊन ती जायची. त्या वेळी विहिरीवर चिटपाखरू नसायचं. दादाला यात काहीच वावगं दिसत नव्हतं. उलट, बहिणीला पोसतो म्हणून गावात तो मोठा भला माणूस.

त्या विहिरीवरच एकदा एक म्हातारी ख्रिस्ती बाई भेटली. गावोगाव पायी फिरून बायांना गोष्टी सांगायची. तिनं पाणी मागितलं, ताईनं ओंजळीत ओतलं. एवढ्या उन्हाची काहून येतेस, असं तिनं विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न ताईला कुणी विचारलाच नव्हता. म्हातारीनं मग तिला गोष्ट सांगितली. अशीच एक गावानं नावं ठेवलेली बाई, भर दुपारी एकटीच पाण्यावर येते, आणि त्यांचा प्रभू तिथं बसलेला असतो. तोच तिच्याकडे पाणी मागतो. संध्याकाळी भाकरी थापता थापता ताईनं ती गोष्ट मला सांगितली तेव्हा तव्यावरची भाकरी करपली. "तो तिच्यासंगं बोलत बसला ना," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "उजेडात. सगळ्याईले दिसन असा."

म्हातारी येत राहिली, ताई ऐकत राहिली. त्यातच छप्पन साल आलं. दसऱ्यानंतर गावाच्या पलीकडच्या वस्तीतली माणसं नागपूरहून धम्म घेऊन परतली आणि पाटलाच्या ओसरीसमोरून मान वर करून चालू लागली. दादा चिडून काहीबाही बोलत होता. ताई दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. मला हळूच म्हणाली, "म्हंजे माणसाले नवं होता येते." पुढच्या उन्हाळ्यात तिनं बाप्तिस्मा घेतला. पाळकांनी नवं नाव सुचवलं, तर म्हणाली, सुभद्रा चांगलं आहे, देवाला चालत असेल तर राहू द्या. दादानं तिची चूल वेगळी केली आणि तिला गोठ्याच्या कडेची खोली दिली. बहिणीनं घराचं नाक कापलं, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. नाल्याच्या वाटेनं तिला पाठवताना त्याचं नाक शाबूत होतं.

लोक म्हणतात, ती पुरुषासाठी बाटली. साफ खोटं आहे हे. शांतवन सुतार गावात आला तो दोन वर्षांनी, कापसाच्या जिनाचं लाकूडकाम करायला. विधुर, अबोल माणूस. प्रार्थनेला दोघं भेटायची. त्यांनी लग्न ठरवलं तेव्हा दादानं काय म्हणावं? पाट लावून देतो म्हणाला. आमच्यात पाट होतोच, पण तो रात्री. विधवेला मागच्या दारानं न्यायचं, सवाष्णींनी तिचं तोंड बघायचं नाही, उजाडायच्या आत सगळं उरकायचं. म्हणजे दादाची लग्नाला हरकत नव्हती, उजेडाला होती. ताई त्याला एवढंच म्हणाली, "दादा, मी चोरी नाई करून राह्यली." मारेगावच्या प्रार्थनाघरात तिचं लग्न लागलं आणि भर दुपारी तिची बंडी मोठ्या गल्लीतून आली. पदर खांद्यावर, तोंड उघडं. पटापट दारं लागत गेली. मी तिच्या शेजारी बसले होते. त्या दारांचा आवाज माझ्या कानात अजून आहे.

त्यानंतर ती सकाळी, हव्या त्या वेळी पाण्याला जाऊ शकत होती. तरी जायची दुपारीच. मी वेड्यात काढलं की हसायची. म्हणायची, उन्हाची सवय झाली मले.

आणि अशा बाईला यांनी अंधारात नेलं. चार दिवसांच्या तापात ती गेली. दादाच्या घरी नातीच्या सोयरिकीचे पाहुणे उतरलेले, म्हणून प्रेत दारावरून नको, असं त्यानं बजावलं. पाळकांनी मान डोलावली. तंटा नको म्हणे. ज्यांच्या तोंडून तिनं दुपारची ती गोष्ट शंभरदा ऐकली, त्यांनी! मी गावी गेले तेव्हा शांतवन रंधा हातात धरून नुसता बसला होता. मी त्याला फाडफाड बोलले. तो म्हणाला, "मी तिच्या उशाशी होतो, बाई. हो म्हणलं का नाई, तेबी आठवत नाई मले." त्याच्यावर मग चिडता येईना. कोपऱ्यात ताईची घागर पालथी ठेवलेली होती. काही न सुचून मी ती उचलली आणि विहिरीवर गेले. ऊन डोक्यावर आलं होतं.

तिथं कमल उभी होती. माधवदादाची धाकटी सून, गेल्या वर्षी विधवा झालेली. घागर ओळखून तिचे डोळे भरले. "माझ्यासारखी कुणी येईल म्हणून आत्याबाई रोज इथं बसून राहत," ती म्हणाली. "म्हणत, एकटीनं पाणी भरू नये बाईनं."

ही ताईची उन्हाची सवय.

आम्ही घागरी भरल्या. ताईची कमलनं घेतली, तिची मी. कमलची पावलं आपोआप नाल्याकडे वळली. मी तिचा हात धरून तिला मोठ्या गल्लीत आणलं. माधवदादा ओसरीवर सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला. "काहून इकडून?" त्यानं विचारलं. मी उत्तर देणार, तोवर कमल पुढे गेली होती. पदर खांद्यावर, तोंड उघडं.

ताईची घागर आता तिच्याकडेच आहे. शांतवननं परत मागितली नाही. कमल रोज दुपारी त्याच गल्लीनं पाणी नेते, असं किसन बंडीवाला सांगतो. माधवदादा त्या वेळी उठून आत जातो म्हणे... जाऊ दे.