न प्यालेलं ग्लुकोज

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या दिवशी ग्लुकोज प्यायलंच नव्हतं. मी ते पाहिलं होतं, आणि डॉक्टरांशी खोटं बोललो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

अण्णा अंकुशनगरला साखर कारखान्याच्या गोदामात होते. माझी मुलगी तीन वर्षांची असताना ताप डोक्यात जाऊन बेशुद्ध पडली. तेव्हा ते पिंपळगावच्या रेणुकाईला नवस बोलून आले : पोर उठू दे, जन्मात गोड तोंडात घालणार नाही. पोर उठली. तेव्हापासून चहाही बिनसाखरेचा. गोदामातले लोक चिडवायचे, "साखरेच्या पोत्यावर बसून कडू चहा पिऊन राह्यला, कारखान्याची बचत करतो का?" अण्णा नुसते हसायचे.

दोन हजार साल उलटल्यावर त्यांना हृदयाचा मोठा झटका आला. चार पावलं चाललं की धाप. बायपास करून उपयोग होईल का, हे कळायला मुंबईला एक तपासणी करायला सांगितली. तिथल्या डॉक्टरांनी मला समजावलं. रक्त कमी पडलेलं हृदयाचं मांस उपाशी असतं, पण जिवंत असेल तर साखर खातं. मेलेलं खात नाही. खूण लावलेली साखर शिरेतून देऊन ती हृदयात कुठे गेली, ते यंत्रात बघायचं. जिवंत मांस दिसलं तर बायपास, नाहीतर गोळ्या. आणि हृदयाला साखरेकडे वळवायला आधी ग्लासभर ग्लुकोज प्यायचं.

नर्स ग्लास देऊन गेली. अण्णांनी वास घेतला.

"गोड हे?"

मी म्हणालो, औषध आहे, देवी समजून घेईल.

"पोरीच्या जिवावर बोललो म्या. माझ्यासाठी मोडू का?"

ते उठले आणि सगळं बेसिनमध्ये ओतलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हात धरायला हवा होता. पण मुलगी त्या आठवड्यात तापली होती, साधाच ताप, आणि माझा हात उचलला गेला नाही.

चित्र अंधूक आलं. डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं. म्हणाले, प्यायले नसतील तर असं येऊ शकतं, आपण उद्या पुन्हा करू. प्यायले असतील तर मात्र मांस मेलेलं आहे. "पूर्ण प्यायले ना?"

उद्या म्हणजे पुन्हा तोच ग्लास. मी "हो" म्हणालो.

बायपास नको, असं ठरलं. गोळ्या घेऊन आम्ही परत आलो. पुढचे सात महिने अण्णा आडवे होऊ शकले नाहीत. भिंतीला टेकून बसायचे, तोंड उघडं टाकून श्वास ओढायचे. एकदा म्हणाले, "डॉक्टर काय करील, आपलंच काळीज मेलं." मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो. तेव्हाही वेळ गेली नव्हती. तपासणी पुन्हा होऊ शकत होती. मी गप्प बसलो, ते गेले.

चित्र दुसऱ्यांदा वेगळं आलं असतं का, मला माहीत नाही. कुणालाच कळू नये, ही व्यवस्था मीच केली.

माझी आई अजून आल्यागेल्याला सांगते, पोरानं मुंबईपर्यंत नेलं, काही कमी केलं न्हाई, इलाजच नव्हता. मी समोर असतो. मान हलवतो. आई आता ऐंशीच्या घरात आहे. तिला खरं सांगायचं माझ्याकडे बाकी आहे.