मशीन वरच्या मजल्यावर, आई खाली सलाईनवर

आत्ता आयसीयूच्या बाहेर बसून लिहितेय. राग आवरत नाहीये, म्हणून तुम्हालाच सांगते.

आज सकाळी आठला, विठ्ठलवाडीला आमच्या घरी, आईच्या हातून चहाचा कप सुटला. तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, बोलणं कळत नव्हतं. अर्ध्या तासात मी तिला जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं.

तिथल्या ड्युटी डॉक्टरने बीपी बघितलं आणि सलाईन लावलं. "अशक्तपणा असेल. मोठे सर दुपारी येतात, ते बघतील."

मी म्हटलं, "अहो, डोक्याचा सीटी स्कॅन तरी करा. मशीन वरच आहे ना?"

"सरांनी सांगितल्याशिवाय नाही करता येत, मॅडम."

मी चार वेळा विचारलं. शेवटी नर्स माझ्यावरच चिडली. सर दीड वाजता आले, स्कॅन दहा मिनिटांत झाला आणि आम्हाला लगेच ठाण्याला पाठवलं.

ठाण्याच्या डॉक्टरबाई स्कॅन बघून म्हणाल्या, "रक्तस्राव नाही, गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं. आता मेंदूचा बराच भाग गेलाय. इतका उशीर का केलात?"

उशीर मी केला नव्हता. मी साडेआठलाच तिथे होते.

आईचा उजवा हात हलत नाहीये. ती मला ओळखते, पण माझं नाव तिला घेता येत नाही.

तुमच्या जवळच्या हॉस्पिटलला आजच विचाराल का, पॅरालिसिसचा पेशंट आला तर स्कॅन लगेच करता, की सरांची वाट बघता?